गुहागरच्या जुन्या घराच्या अकरा खिडक्या बदलायच्या आहेत : साहित्य आणि दर यांबद्दल सल्ला हवा

वरचीवाडी | २ फेब्रुवारी

नमस्कार. गुहागर तालुक्यात समुद्रापासून साधारण एक किलोमीटरवर आमचे चिऱ्याचे कौलारू घर आहे. घराला अकरा खिडक्या आहेत. त्यांतील सात चार फूट बाय चार फूट आणि चार तीन बाय चार आहेत, म्हणजे एकूण १६० चौरस फूट. चौकटी किंजळीच्या, झडपा सागाच्या आणि आत उघडणाऱ्या आहेत; वडिलांनी त्या १९७८ साली बसवून घेतल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात पश्चिमेकडच्या चार मोठ्या खिडक्यांतून इतकी झड आत आली की आईला पलंग दोनदा हलवावा लागला. त्यांपैकी दोन चौकटींच्या खालच्या आडव्या लाकडाला वाळवी लागली असून ते बोटाने दाबले तरी आत जाते. आईचे वय ७४ आहे आणि ती तेथे एकटी राहते. मी पुण्यात असते.

माझ्याकडे दोन दर आले आहेत. यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या खिडक्यांसाठी चौरस फुटाला ८५० रुपये आणि अॅल्युमिनियमच्या थ्री ट्रॅक, म्हणजे तीन खाचांच्या सरकत्या खिडक्यांसाठी ४८० रुपये. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. खर्चाची मर्यादा सर्व धरून एक लाख वीस हजार आहे आणि ती वाढवणे शक्य नाही. काम मेअखेरीपर्यंत पूर्ण व्हावे. वानरांचा उपद्रव असल्यामुळे लोखंडी गज हवेतच. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते, त्यामुळे खिडकी पूर्ण उघडणे ही आईची अट आहे. काय करावे?

कोथरूडकर_६२ | २ फेब्रुवारी

यूपीव्हीसीशिवाय दुसरा विचारही करू नये. आमच्या चौथ्या मजल्यावरील सदनिकेत मी तीन वर्षांपूर्वी सर्व चौदा खिडक्या बदलून घेतल्या. खर्च दोन लाख साठ हजार आला, परंतु आता घरात धुळीचा कण येत नाही आणि रस्त्यावरचा आवाज अर्ध्याहून कमी झाला आहे. आपण मर्यादा थोडी वाढवावी. खिडकी आयुष्यात एकदाच बदलायची असते.

खाडीकाठ | ३ फेब्रुवारी

कोथरूडमधील धूळ आणि गुहागरची झड यांची तुलना होऊ शकत नाही. मी दापोलीजवळ राहतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या घराची निम्मी कौले गेली. अॅल्युमिनियमच्या खिडक्या मात्र चौकटीसकट टिकल्या. परंतु टिकल्या म्हणजे निर्दोष राहिल्या असे नाही. कारागिराने साधे लोखंडी स्क्रू वापरले होते. खाऱ्या हवेत लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले, तर स्क्रूभोवती पांढरी पूड जमते आणि भोक मोठे होत जाते. तिसऱ्या वर्षी दोन शटर हातात आले. त्यामुळे स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत आणि समुद्राजवळ ते ३१६ दर्जाचे असावेत. ३०४ वरही किनाऱ्यावर तांबूस डाग येतात. ४८० रुपयांच्या दरात नक्की कोणता सेक्शन (चौकटीची अॅल्युमिनियमची पट्टी) देणार आणि त्याची जाडी किती, हे लेखी घ्या. पाऊण इंची हलका सेक्शन असेल, तर तो वाऱ्याने अक्षरशः वाजतो.

श्टुटगार्टवासी | ३ फेब्रुवारी

भारतात अजूनही सरकत्या खिडक्यांचा आग्रह का धरला जातो, हे मला समजत नाही. जर्मनीत आमच्या भाड्याच्या घरालाही अशी खिडकी आहे, जी हँडल आडवे केले की दारासारखी आत उघडते आणि वर केले की वरच्या बाजूने थोडी आत कलते. काच तिहेरी आहे. बाहेर उणे दहा असले तरी आतून काचेला हात लावता येतो. अशी खिडकी पुण्यातही मिळते, असे ऐकून आहे.

वरचीवाडी | ३ फेब्रुवारी

सर्वांचे आभार. गुहागरमध्ये उणे दहा होत नाही, त्यामुळे तिहेरी काचेचा विचार मी तूर्त बाजूला ठेवते. खाडीकाठ यांच्या सूचनेप्रमाणे सेक्शनची जाडी विचारली, तर ‘ताई, माल चांगलाच देतो’ एवढेच उत्तर मिळाले.

निवृत्त_उपअभियंता | ४ फेब्रुवारी

नोकरीची तेहेतीस वर्षे मी किनारपट्टीवरील सरकारी इमारतींच्या देखभालीत काढली, म्हणून चार गोष्टी लिहितो. आमच्या खात्यातही त्या कोणी ऐकल्या नाहीत. येथे ऐकल्या जातील अशी अपेक्षा नाही.

आपण सर्वजण खिडकी कशाची असावी यावर बोलत आहात; पाणी का येते यावर कोणी बोलत नाही. वारा भिंतीवर आदळला की बाहेर दाब वाढतो आणि तो दाब खिडकीच्या खालच्या खाचेत साचलेले पाणी वर उचलतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब सुमारे १७ मिलिमीटर उंचीचे पाणी तोलून धरतो, आणि ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा सुमारे ४७ मिलिमीटर उंचीचे. म्हणजे सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकची आतली कड जर ३० मिलिमीटर असेल, तर साध्या पावसात काहीही होणार नाही आणि वादळात तीच खिडकी नळासारखी वाहील. मग ती यूपीव्हीसीची असो की अॅल्युमिनियमची. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जाण्याची भोके असतात. तांबडी माती आणि मुंग्यांची वारुळे यांनी ती भरली की सारे पाणी आत वळते. आपल्या मातोश्री ७४ व्या वर्षी दर आठवड्याला ती भोके काडीने साफ करणार आहेत का?

दुसरे म्हणजे, खिडकीखालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूस उतार असला पाहिजे आणि ती भिंतीच्या बाहेर किमान दोन इंच यायला हवी. तिच्या खालच्या अंगाला एक खाच असावी, म्हणजे पाणी पट्टीखालून भिंतीकडे न जाता तेथेच गळून पडते. जुन्या घरांत ही पट्टी सपाट असते किंवा नसतेच. तिसरे म्हणजे, पश्चिमेला वळचण किती पुढे आहे, हे आपण सांगितलेले नाही. दीड फुटापेक्षा कमी असेल, तर आधी तेथे पत्र्याचा छज्जा करावा. माझ्या मते आपले निम्मे दुखणे खिडकीबाहेरचे आहे.

रेल्वेलाइनीलगत | ४ फेब्रुवारी

आम्ही डोंबिवलीत रुळांपासून शंभर फुटांवर राहतो. दुहेरी काच बसवली आणि रात्रीची झोप परत मिळाली. त्यातही मधल्या थराची चिकटवलेली काच, म्हणजे लॅमिनेटेड, आवाजासाठी अधिक उपयोगी पडते. किंमत जास्त आहे, पण झोपेची किंमत कशी करणार?

खाडीकाठ | ४ फेब्रुवारी

त्यांच्या घराजवळून लोकल जात नाही. धागा वाचूनच उत्तर द्यावे, ही विनंती.

सुतारकीचा_नाद | ५ फेब्रुवारी

ताई, १९७८ सालच्या सागाच्या झडपा मोडीत काढण्याचा विचार वाचूनच वाईट वाटले. तेवढे पिकलेले लाकूड आज मागून मिळत नाही, आणि मिळाले तर चांगल्या सागाला घनफुटाला चार-पाच हजार मोजावे लागतात. मी संगमेश्वरकडचा आहे आणि आमच्या घराच्या नऊ खिडक्या मी स्वतः दुरुस्त केल्या आहेत. खालचे आडवे लाकूड कुजले म्हणून संपूर्ण चौकट काढायची गरज नसते. कुजलेला भाग तिरका कापून नवीन लाकूड सांध्याने बसवता येते. चिऱ्याला टेकणाऱ्या अंगाला काजूच्या टरफलाचे तेल, म्हणजे डिंबेल, दोन हात लावले की वाळवी त्या वाटेला जात नाही. मात्र ते हाताला लागू देऊ नका; फोड येतात. माझ्या डाव्या मनगटावर अजून खूण आहे.

आत उघडणाऱ्या झडपेच्या खालच्या पट्टीवर बाहेरून एक उतरती लाकडी पट्टी ठोकली, तर झडपेवरून ओघळणारे पाणी फटीपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर पडते. आमच्या आजोबांच्या काळापासून हा उपाय आहे आणि त्याला एका खिडकीमागे शंभर रुपयेही लागत नाहीत.

कोथरूडकर_६२ | ५ फेब्रुवारी

लाकूड म्हणजे दरवर्षी रंग, दरवर्षी सुतार आणि दर पावसाळ्यात फुगून अडकलेली झडप. वृद्ध व्यक्तीला ते कसे जमणार? मी पुन्हा सांगतो, यूपीव्हीसी घ्या. त्याला वाळवी लागत नाही, गंज लागत नाही आणि रंगही लागत नाही.

सुतारकीचा_नाद | ५ फेब्रुवारी

यूपीव्हीसीला ताकद येते ती आत घातलेल्या लोखंडी नळीमुळे, आणि ती नळी गंजते. कापलेल्या टोकाला जस्ताचा लेप राहत नाही. प्लास्टिक लाकडापेक्षा टिकते हे ज्याने त्याने पन्नास वर्षांनी ठरवावे.

हिशेबनीस | ६ फेब्रुवारी

साहित्यावरचा वाद चालू द्या. मी फक्त आकडे मांडतो. १६० चौरस फूट गुणिले ८५० म्हणजे १,३६,०००. त्यावर जीएसटी २४,४८०. एकूण १,६०,४८०. म्हणजे यूपीव्हीसी आपल्या मर्यादेत बसतच नाही आणि तरीही येथे दोनदा त्याचीच शिफारस झाली आहे. अॅल्युमिनियमचे ७६,८०० अधिक १३,८२४, म्हणजे ९०,६२४ होतात. परंतु खर्च येथे थांबत नाही.

आपले गज बहुधा लाकडी चौकटीतच ओवलेले असतील. चौकट काढली की गजही निघाले. त्यामुळे अकरा नव्या ग्रील धराव्या लागतील. दहा मिलिमीटरच्या चौरस सळीच्या चार बाय चार ग्रीलचे वजन बारा-चौदा किलोच्या घरात जाते. आमच्याकडे रंगासह किलोला १४० रुपये घेतात. म्हणजे एकीचे सुमारे अठराशे आणि अकरांचे अठरा-वीस हजार. जुन्या चौकटी काढताना चिऱ्याची कड ढासळते, तिचे गिलावा काम वेगळे. शिवाय चिरा सच्छिद्र असल्याने त्यात फास्टनर, म्हणजे चौकट भिंतीला घट्ट धरणारे बोल्ट, नीट धरत नाहीत; आधी कडेने सिमेंट काँक्रीटची पट्टी भरून घ्यावी लागते. हे दरपत्रकात कोणीही लिहीत नाही.

आता मापाविषयी. आमच्याकडे प्रत्यक्ष ४६ इंच बाय ४६ इंच असलेली खिडकी बिलात चार बाय चार लावली गेली. प्रत्यक्ष क्षेत्र १४.६९ चौरस फूट आणि आकारणी सोळाची. सात खिडक्यांना ८५० च्या दराने हा फरक जवळपास पावणेआठ हजार रुपये होतो. आकारणी प्रत्यक्ष मापावर की वरच्या पूर्णांकावर, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ठरवा. टफन्ड, म्हणजे भाजून कठीण केलेली काच घेणार असाल, तर ती भाजल्यानंतर कापता येत नाही, त्यामुळे एका इंचाची चूक म्हणजे नवी काच आणि आणखी तीन आठवडे.

वरचीवाडी | ६ फेब्रुवारी

हिशेबनीस, गजांचे माझ्या लक्षातच आले नव्हते. आईने फोनवर खात्री केली. ते चौकटीतच ओवलेले आहेत. पश्चिमेची वळचण तिने काठीने मोजली, ती चौदा इंच भरली. तेथे पूर्वी पावसाळ्याआधी झावळ्यांची झापे बांधत असत. गेल्या सहा-सात वर्षांत माणूस मिळत नाही म्हणून ते बंद झाले. पाण्याचा त्रासही साधारण तेव्हापासूनचाच आहे, असे ती म्हणाली.

आणखी एक विचारते. पुण्यात पाडलेल्या वाड्यांच्या सागाच्या खिडक्या चौकट, झडपा आणि गजांसह विकायला असतात. पश्चिमेच्या चार खिडक्यांसाठी त्या वापरता येतील का?

सुतारकीचा_नाद | ६ फेब्रुवारी

कृपा करून नको. माप जुळत नाही, लाकडात मोडके खिळे असतात आणि रंगाच्या सात थरांखाली काय आहे ते कळत नाही. आहे तीच चौकट सांधा.

निवृत्त_उपअभियंता | ७ फेब्रुवारी

मीही विरोधात आहे. देशावरचे कोरडे लाकूड कोकणच्या दमट हवेत नेले की पहिल्या पावसाळ्यात फुगणारच. चौदा इंच वळचण वाचून मात्र माझे समाधान झाले. छज्जा करा, म्हणजे बाकीच्या चर्चेची गरज उरणार नाही.

मुरूडकाठचा | ७ फेब्रुवारी

आमच्याकडे वाळवीला कंटाळून सिमेंटच्या तयार चौकटी बसवल्या. आठ वर्षांत आतली सळी गंजून फुगली आणि कोपरे फुटले, कारण सळीवर सिमेंटचे आवरण अर्धा इंचही नव्हते. त्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा ग्रॅनाईटची चौकट बरी, पण तिच्यात बिजागरी बसवणारा कारागीर तालुक्यात एकच होता आणि तो आता मुंबईला गेला.

खाडीकाठ | ७ फेब्रुवारी

वाड्याचे लाकूड घेणे म्हणजे दुसऱ्याच्या घरची वाळवी भाडे देऊन आणणे होय. अॅल्युमिनियमच घ्या, सरकती नको असेल, तर बाहेर उघडणारी घ्या.

श्टुटगार्टवासी | ८ फेब्रुवारी

बाहेर उघडणाऱ्या खिडकीला मच्छरदाणीची जाळी आतून बसवावी लागेल आणि ग्रीलही आतच येईल, मग हँडलपर्यंत हात कसा पोहोचणार? आमच्या कलत्या खिडकीत हा प्रश्नच येत नाही.

खाडीकाठ | ८ फेब्रुवारी

गज आत असले, तरी गजांतून हात घालून खिडकी लावता येते. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले आहे. जाळीला मात्र मी विरोध करतो. वाऱ्याचा निम्मा जोर जाळीतच मरतो.

रेल्वेलाइनीलगत | ९ फेब्रुवारी

निम्मा नव्हे. दाट जाळीने वारा कमी होतो, परंतु डेंग्यू झाल्यावर वारा कोणाला आठवत नाही. आम्ही स्टीलची जाळी घेतली. फायबरची उंदरांनी कुरतडली होती.

वरचीवाडी | २१ मे

काम झाले. सर्वांनी नको म्हटलेलेच मी केले, म्हणून सविस्तर लिहिणे माझे कर्तव्य आहे.

पुण्यातून वाड्याच्या चार खिडक्या घेतल्या. चौकट, झडपा आणि गजांसह प्रत्येकी ९,५०० प्रमाणे ३८,०००. निवडताना सर्व सांधे सुरीच्या टोकाने टोचून पाहिले आणि सहा खिडक्या नाकारल्या. दुकानदार चिडला. टेम्पोचे ९,००० झाले. दोन सुतार बारा दिवस होते, प्रत्येकी रोज ११०० प्रमाणे २६,४००. यांत उरलेल्या सात खिडक्यांची दुरुस्ती, सर्व झडपांना खालून उतरती पट्टी आणि चौकटींना डिंबेल एवढे आले. खिडकीखालच्या पट्ट्या उतार देऊन नव्याने बसवणे आणि चिऱ्याच्या कडा भरणे, ११,२००. पश्चिमेला अडीच फुटांचा पत्र्याचा छज्जा, २२,०००. तावदानांच्या काचा आणि रंग, ६,५००. एकूण १,१३,१००.

सुतारकीचा_नाद यांचे मापाविषयीचे म्हणणे खरे ठरले. एक चौकट दोन इंच रुंद निघाली आणि चिरा तासावा लागला; त्यात एक दिवस गेला. खिळेही निघाले, करवतीची दोन पाती गेली. यूपीव्हीसी माझ्या मर्यादेत नव्हते, हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की दुकानात नमुन्याची सरकती खिडकी आईला दाखवली तेव्हा ती म्हणाली, ‘अर्धी खिडकी कायम बंदच ठेवायची, तर अर्धे पैसे का द्यायचे?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

कोथरूडकर_६२ | २१ मे

आपल्या निर्णयाचा आदर आहे; परंतु त्यात थोडी भर घातली असती तर यूपीव्हीसी झाले असते.

हिशेबनीस | २२ मे

सत्तेचाळीस हजार तीनशे ऐंशी रुपयांची भर, आणि त्यात ग्रील व छज्जा धरलेले नाहीत.

निवृत्त_उपअभियंता | २२ मे

छज्जा केलात, हे उत्तम झाले. लाकडाविषयी ऑगस्टमध्ये बोलू.

वरचीवाडी | १४ ऑगस्ट

बोलण्याची वेळ आली आहे. पश्चिमेच्या चारपैकी तीन खिडक्या पूर्ण कोरड्या आहेत. चौथी, म्हणजे जिची चौकट रुंद निघाली होती ती, जुलैमध्ये फुगली आणि आठ दिवस बंद झाली नाही. उपअभियंत्यांनी सांगितल्याप्रमाणेच झाले. सुताराला पुन्हा बोलावून झडपेची कड रंध्याने मारून घेतली, त्याचे ६०० रुपये झाले. आता ती बंद होते, पण नैर्ऋत्येचा वारा असला की उजव्या कोपऱ्यातून अजून थेंब येतात. आईने तेथे बाहेरून झाप बांधून घेतले आहे. शेजारच्या वाडीत झापे विणणारी एक बाई अजून आहे, हे यानिमित्ताने कळले.

मुरूडकाठचा | १५ ऑगस्ट

ती एका झापाचे किती घेते? आमच्या पश्चिमेलाही चार हवी आहेत.